काळं ऑइल

१७ नोव्हेंबर, सोमवार

डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय म्हणून लिहितोय. काय खाल्लं, पोट कसं होतं, डोकं कधी दुखलं, रोजचं रोज लिहायचं. मी सातवी नापास. अक्षराला कोणी हसू नये.

सकाळी अर्धा कप चहा. पुढे जाईना. आमची सूनबाई उज्वला उजाडायच्या आत मोरीत बसून सोमनाथची पँट घासत होती, तीही पेट्रोलने. घरभर वास. विचारलं तर म्हणाली, "डाग पडलाय अण्णा. तुम्ही चहा घ्या." चहालाही तोच वास आला. हजाराच्या पँटी घ्यायच्या आणि पेट्रोलात बुडवायच्या. मी कंपनीत वॉचमन होतो तेव्हा एकेक खाकी पँट झिजेपर्यंत वापरली.

तेवढ्यात रऊफभाई दारात आले. रऊफ पिंजारी, गल्लीच्या तोंडाशी त्यांचं गाद्या-रजया भरायचं दुकान आहे. कोपऱ्यावरच्या मशिदीची झाडलोट तेच करतात. इमामसाहेब लग्नाला मालेगावला गेलेत, म्हणून चावीही त्यांच्याकडे होती. एरवी ओट्यावर बसून तंबाखू मागणारा माणूस आज पायरीखालीच उभा राहिला.

"दादा, जरा चला. एकटेच या."

मशिदीसमोर पंधरा-वीस माणसं जमली होती. हिरव्या दाराला वरपासून खालपर्यंत काळं ऑइल फासलेलं. गॅरेजमध्ये गाडीतून काढतात ते, जळकं. नमाजाआधी हातपाय धुवायच्या हौदातही तेच ओतलेलं. पाण्यावर काळी साय धरल्यासारखी दिसत होती. तरणी पोरं मोठमोठ्याने बोलत होती. रऊफभाईंनी मला पुढून नेलंच नाही. मागच्या गल्लीतून पत्र्याच्या खोलीत नेलं आणि दार ओढून घेतलं.

आत त्यांची जनाजाची खाट असते. आपल्यात माणूस गेला की तिरडी नवी बांधतात आणि त्याच्याबरोबर जाळतात. त्यांच्यात तसं नाही. एकच खाट, सगळ्यांना तीच. बाप गेला तीच खाट, मुलगा जाईल तीच. त्या खाटेवर ऑइल ओतलं होतं. नुसतं ऑइल नव्हतं. लिहवत नाही, पण लिहितो. माणसाने त्यावर लघवी केली होती. बंद खोलीत तो वास असा कोंडला होता की मी तोंडाला टोपी लावली.

"माझी कुलसूम ह्याच्यावरच गेली," रऊफभाई म्हणाले. दुसरं काही म्हणाले नाहीत. दुकानातून जुन्या गाद्यांची काळी पडलेली रुई आणली होती, ती मला दिली. आम्ही दोघांनी पुसून काढलं. रुई तेल चांगलं ओढते.

मग म्हणाले, "दार धुता येतं. हौद उपसता येतो. ह्या खाटेचं नाव बाहेर निघालं ना दादा, तर ती बाहेरची पोरं माझ्याच्यानं आवरणार नाहीत. इमामसाबलाही सांगणार नाही मी. तुम्ही कसम खा."

मी वणीच्या देवीची शपथ घेतली.

मग पोलीस आले. त्यांना दार आणि हौद दाखवला. घरी येऊन तीनदा साबण लावला. दुपारी जेवलो नाही. कोण असेल हा घाणेरडा माणूस? त्याच्या घरात कोणी मेलं नसेल का कधी?

१८ नोव्हेंबर, मंगळवार

चौकीवर शांतता समितीची बैठक झाली. मी समितीत आहे, वय झालं म्हणून. साहेब म्हणाले, बाहेरचे समाजकंटक असतील. सगळे म्हणाले, हो, बाहेरचेच. सामोसे होते. कालच्या वासानंतर तळणीचा वास नको झाला, पण समोर प्लेट ठेवली म्हणून एक खाल्ला. चुकलं.

शेवटी मी आणि रऊफभाईंनी गळाभेट घ्यायची, फोटोसाठी. पहिल्या वेळी माझे डोळे मिटले, म्हणून पुन्हा घ्यायला लावली. रऊफभाई कानात म्हणाले, "दादा, आता तिसऱ्यांदा भेटलो तर निकाह लागेल." त्यांना कसं हसायला येतं कळत नाही.

आमचा सोमनाथ मात्र चांगला बोलला. प्लॉटच्या धंद्यात असल्यामुळे बोलायची सवय आहे. यंदा महापालिकेला उभं राहायचं त्याच्या मनात आहे. म्हणाला, "रविवारी आपण सगळे जातीधर्माचे लोक मिळून मशिदीची भिंत रंगवू. रंग माझ्यातर्फे." टाळ्या झाल्या. साहेबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मला जरा बरं वाटलं. आपल्या घरातून कोणीतरी ही घाण धुवायला पुढे आलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

पोट बिघडलेलंच. ताक-भात.

सहादू आला होता. कंपनीत माझ्या बरोबरीचा, बौद्धवाड्यात राहतो. त्याचा मुलगा सनी चौकातल्या गॅरेजमध्ये काम करतो. जळकं ऑइल गॅरेजचं, म्हणून पोलिसांनी काल सनीला उचलला. सहादूच्या हातात पोराचा डबा होता. चौकीत आत जाऊ दिला नाही, तसाच परत आणला होता.

"गोरख, लय मारलंय रे त्याला. हात वर होत नाय. त्याचा काय संबंध? त्या मशिदीतल्या निम्म्या लोकांच्या गाड्या तोच दुरुस्त करतो."

"ऑइल कोणी नेलं, हे गॅरेजवाल्याला ठाऊक असेल की."

"त्याचा मालक म्हणतो, ड्रम बाहेर असतो, कोणीबी नेतं. आधी काहीतरी वेगळं म्हनत होता. आता असं म्हनतो." सहादू माझ्याकडे बघत राहिला. "तुझ्या सोमनाथचं वजन हे तिथं. एक शब्द टाक म्हणावं."

सोमनाथ घरीच होता. लगेच बाहेर आला, सहादूच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काका, टेन्शन नका घेऊ. इलेक्शन आहे ना, पोलिसांना दाखवायला कोणीतरी लागतं. दोन-चार दिवस जाऊ द्या, मी बोलतो." सहादूने मान हलवली. पाणी न पिताच गेला. एवढा आधार दिला तर निदान बरं म्हणावं माणसाने.

२३ नोव्हेंबर, रविवार

भिंत रंगवली. पांढरा आणि हिरवा. सोमनाथने नवा कुर्ता घातला होता आणि ब्रश असा धरला होता की एक थेंब अंगावर पडू नये. चौकात फ्लेक्स लागला आहे. मोठा फोटो सोमनाथचा, खाली बारीक फोटो माझा आणि रऊफभाईंचा, गळाभेटीचा. वर लिहिलं आहे, 'सामाजिक सलोख्याचे शिल्पकार'. फ्लेक्सखालीच कुंभमेळ्याच्या कामासाठी खोदलेला खड्डा आहे. त्यात मेलेलं डुक्कर पडून आहे. ते कोणी उचलत नाही.

लिहायची गोष्ट वेगळी आहे. काम संपत आलं तेव्हा सोमनाथ माझ्याजवळ येऊन म्हणाला, "अण्णा, रंग उरलाय. आतल्या त्या खाटेलाही एक हात मारून घेऊ का? ऑइलचा डाग असा तसा नाही जायचा."

त्याला म्हटलं, "राहू दे, राहू दे." रऊफभाई तेव्हा हौदापाशी होते, त्यांनी ऐकलं नाही.

म्हणजे मी सांगितलं. शपथ घेऊनही सांगितलं. कधी सांगितलं? सोमवारी घरी आल्यावर मी पडूनच होतो, कोणाशी बोललो नाही. मंगळवारी तर सोमनाथ जेवायला घरी नव्हता. पुढेही हा विषय निघाला नाही. झोपेत बडबडलो असेन. म्हातारपणी लोक बडबडतात. काय ही जीभ. स्वतःचीच किळस आली.

२४ नोव्हेंबर, सोमवार

मनात ठेवता येईना. सकाळीच रऊफभाईंकडे गेलो. थंडीचे दिवस, रजयांची कामं अंगावर आलेली. ते रुई झोडत होते. सगळं सांगितलं आणि हात जोडले. "माझ्याकडून गेलं. सोमनाथला खाटेचं कळलंय. बाहेर जाऊ देणार नाही तो, माझा मुलगा आहे."

त्यांनी काठी खाली ठेवली.

"काय म्हणाला तो? नीट सांगा."

सांगितलं.

"तुम्ही कधी बोललात त्याला?"

"आठवत नाही. झोपेत बोललो असेन."

"झोपेत," ते म्हणाले. मग कापसाची कुसं मिशीवरून काढली. "ठीक आहे दादा. जा घरी. कोणापाशी बोलू नका. झोपेतही."

चहा विचारला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. राग आलाच असणार, माझी चूकच तशी आहे. पण माणूस माफी मागायला येतो तर तोंड तरी वर करावं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

ऐकावं ते नवलच. रऊफभाई काल चौकीत गेले आणि जबाब दिला की ऑइल त्यांच्याच हातून सांडलं. दाराला वाळवी लागली होती, म्हणून गॅरेजमधून डबा आणला, दाराला मारलं, डबा हौदात कलंडला, घाबरून बोललो नाही. वाळवीला जळकं ऑइल मारतात हे खरं आहे, मीही आमच्या चांदवडच्या घराच्या चौकटीला मारलं होतं. साहेबांनी समज देऊन सोडलं. सनीला पण सोडलं. म्हणजे सगळं मिटलं.

मिटलं कसलं. कॉलनीच्या ग्रुपवर सकाळपासून हसणारी तोंडं. 'स्वतः सांडायचं आणि बोट आमच्याकडे.' 'पाहिलंत ना यांचं खरं रूप?' तेच कोणी कोणी फिरवून फिरवून पाठवत होतं. पहिलं कोणी पाठवलं ते बघायला मेसेज वर सरकवत गेलो. सोमनाथने.

त्याला म्हटलं, "परवा रंग दिलास ना तू?"

"म्हणूनच म्हणतो अण्णा. आपण रंग देतो, आणि हे आपल्यालाच फसवतात. लोकांना कळायला नको?" फोन बघतच बोलत होता. कोणाला तरी सांगितलं, फ्लेक्स उतरव आणि दुसरा लाव.

मशिदीतल्या लोकांनी रऊफभाईंकडून चावी काढून घेतली. तरणी पोरं दुकानासमोरून जाताना थुंकतात म्हणे.

मला कळत नाही, हा माणूस असं का बोलला. मी स्वतः माझ्या हाताने खाट पुसली. वाळवी खाटेवर मुतत नाही. खोटं बोलायचं आणि ज्यांनी मदत केली त्यांना तोंडघशी पाडायचं. फार राग आला. गोळी घेतली तरी डोकं ठणकत होतं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

भांडायला म्हणूनच गेलो. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. ऐन थंडीत, गिऱ्हाईक नव्हतं.

"खोटं का बोललात?"

"बसा."

"बसायला नाही आलो. सगळी वसाहत तुमच्यावर हसते. तुमचे लोक तुमच्यावर थुंकतात. मला माहिती आहे तुम्ही सांडलं नाही. मी चौकीत जाऊन सांगतो, खाटेवर काय होतं ते."

"सांगा. मग साहेब विचारतील, खाटेचं कोणाकोणाला ठाऊक होतं. काय सांगाल?"

"तुम्हाला आणि मला."

"अजून?"

मी म्हटलं, "सोमनाथला. पण ते मी झोपेत..."

"गोरखदादा," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण असा आवाज मी त्यांचा ऐकला नव्हता. "मशिदीत मागे खाट आहे हे आमच्या पोरांनासुद्धा नीट माहीत नसतं. तिला ऑइल लागलंय हे तीन माणसांना माहीत. एक मी. एक तुम्ही. आणि एक, ज्याने लावलं."

मी काहीतरी बोललो. काय ते आठवत नाही.

"तुम्ही त्या दिवशी माफी मागायला आलात. मी म्हटलं, या अल्ला, या माणसाला अजून कळलं नाही. मी काय करणार होतो? त्याचं नाव घेतलं असतं तर कोण ऐकणार? रंग देणाऱ्या माणसाचं नाव, मी, पिंजारी? आणि आमच्या पोरांनी ऐकलं असतं तर तुमचं घर राहिलं नसतं. त्या घरात तुम्ही पण आहात, सून आहे. तिकडे सहादूची बायको रोज येऊन इथे पायरीवर बसायची. नुसती बसायची, बोलायची नाही. म्हटलं, चला, माझंच सांडलं." मग म्हणाले, "फार मोठेपणा नाही त्यात. मला राग आहे. तुमच्यावर पण आहे. आता जा. मला तुमच्याकडे बघवत नाही आज."

घरी कसा आलो माहीत नाही.

तरी असं वाटतं, झोपेत बोललो असणार. बोललो असणारच. सोमनाथ असं करील का? लहानपणी त्याला झुरळाचीही किळस यायची.

२९ नोव्हेंबर, शनिवार

काल लिहिलं नाही. आज सोमनाथ तिकिटासाठी मुंबईला गेला. उज्वला भाजी निवडत होती. तिला विचारलं, "मी झोपेत बडबडतो का गं?"

ती मेथी निवडत राहिली. तिच्या बोटांची पेट्रोलने सालपटं निघाली होती, ती बोटं अजून भरली नाहीत.

"नाही अण्णा," ती म्हणाली. "तुम्ही घोरता फक्त."

आणि रडली. मी काही विचारलं नाही. ती आपणहूनच म्हणाली, "मी सांगणार कोणाला होते? माझी आई म्हणाली, नांदायचं तर गप नांद."

दुपारी उलटी झाली. पोटात काही नव्हतं तरी होत राहिली. एकाच ताटातल्या भाकरी आम्ही खातो. त्याने आणलेला किराणा. सहादूच्या खांद्यावर त्याने हात ठेवला तेव्हा मला अभिमान वाटला होता. कोणाची किळस करू तेच कळत नाही.

२ डिसेंबर, मंगळवार

बांगड्या भरणारी म्हातारी गेली, मशिदीमागे राहायची. हिंदू-मुसलमान सगळ्या बायका तिच्याकडून बांगड्या भरायच्या. आमच्या घरच्या लग्नाचा चुडाही तिनेच भरला होता. दुपारच्या नमाजानंतर जनाजा निघाला. मी गेलो. रऊफभाई गर्दीत सगळ्यात मागे होते, एकटे. मी त्यांच्याशेजारी जाऊन उभा राहिलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण बाजूलाही सरकले नाहीत.

खाट बाहेर आली. वर हिरवी चादर. चादरीच्या खाली पायाच्या लाकडावर काळं राहिलं होतं. कितीही पुसलं तरी ऑइल लाकडात शिरतं.

चौकापर्यंत गेलो तोच सोमनाथ आला. पांढरा कुर्ता, डोक्याला रुमाल. बरोबर फोन धरलेला माणूस. लोकांनी वाट करून दिली. तो पुढे झाला, एकाला बाजूला करून पुढच्या डाव्या दांड्याखाली खांदा घातला आणि चेहरा पाडला. फोनवाला मागे मागे चालत शूटिंग घेऊ लागला.

मी आजवर कधी चारचौघांत मोठ्याने बोललेलो नाही. वॉचमनला सगळ्यांना साहेब म्हणायची सवय असते. पण लोकांना सारत पुढे गेलो आणि म्हणालो, "हात काढ."

"अण्णा?"

"खाटेवरचा हात काढ. खांदा काढ."

तो हसला, आजूबाजूच्यांकडे बघून, सलोख्याचं हसणं. "अण्णांची तब्येत ठीक नसते हल्ली."

"माझी तब्येत बरी आहे. तू हिला एकदा हात लावलास तेवढा पुरे."

खाट थांबली. थांबवू नये म्हणतात. सोमनाथच्या चेहऱ्यावरचं सगळं उतरलं. मग त्याने खांदा काढला, आणि एका दाढीवाल्या माणसाने मुकाट्याने तिथे आपला घातला. खाट पुढे गेली. सोमनाथ रस्त्याच्या कडेला उभा राहिला. फोनवाल्याने फोन खिशात ठेवला.

मी कबरस्तानापर्यंत गेलो, माती दिली आणि परत आलो. वाटभर उत्तर जुळवत होतो. कोणीतरी विचारणारच, का हो अण्णा, भर मयतीत पोराला का हटकलंत? मी ठरवलं होतं की आता सांगायचं, सगळं, नाव घेऊन, मग काय व्हायचं ते होवो. रऊफभाईंचा जबाबही खोटा आहे हे सांगायचं.

किराणा दुकानावर थांबलो. दुकानदाराने साखर मोजायला घेतली. समितीतले दोघं चहाच्या टपरीवर होते, त्यांनी जागा दिली आणि हवेच्या गारठ्याबद्दल बोलले. गॅरेजचा मालक शटर ओढून आत गेला. सहादू भेटला, म्हणाला, सनीचा हात आता थोडा वर होतो. मी वाट बघत उभा राहिलो. तो म्हणाला, "जा घरी, थंडी हे."

कोणी विचारलं नाही. अख्ख्या गल्लीत एकानेही विचारलं नाही की का.